सपाट शंभर किलोमीटर: चढच नाही, मग चालायचं कशाला?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४१ वर्षांच्या आहेत. सहा वर्षं नियमित धावतात, आठवड्यातले चार दिवस, मिळून ४५ ते ५० किलोमीटर. पाच मॅरेथॉन झाल्या आहेत, सर्वोत्तम वेळ ४ तास २० मिनिटं. गेल्या वर्षी सपाट रस्त्यावरची ५० किलोमीटरची शर्यत त्यांनी ७ तास १० मिनिटांत पूर्ण केली. त्यात पहिले ३६ किलोमीटर ६:२० च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २० सेकंद या गतीने गेले, मग दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, मळमळायला लागलं, खाणं बंद झालं आणि उरलेलं अंतर कसंबसं चालत काढावं लागलं. आता २२ आठवड्यांनी होणाऱ्या १०० किलोमीटरच्या शर्यतीत त्यांनी नाव दिलं आहे. मार्ग जवळजवळ पूर्ण सपाट आहे: सुमारे २२ किलोमीटर समुद्रकिनारा, बाकी जंगलातल्या पाऊलवाटा आणि थोडा कच्चा रस्ता. सुरुवात सकाळी सहाला, मुदत १६ तास. ‘चढ नाही म्हणजे चालायची गरज नाही’ असं गृहीत धरून त्यांनी ६:४५ च्या पेसने सलग धावून सव्वाअकरा तासांत संपवायचं ठरवलं आहे. धावणारे मित्र म्हणतात, महिनाभर आधी सरावात ७० किलोमीटर धावायलाच हवेत. घरचे म्हणतात, याच शर्यतीत ६० किलोमीटरचाही गट आहे, तो घे. पत्रलेखिकांना ती माघार वाटते. गेल्या वेळचे गोळे मीठ कमी पडल्यामुळे आले का, हाही त्यांचा प्रश्न आहे.

---

पत्र मनापासून आणि आकड्यांसकट लिहिलंत, त्यामुळे उत्तरही नेमकं देता येईल. तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे सपाट मार्ग सोपा. आधी तिच्याकडे बघू, कारण पेस, सराव आणि अंतर हे तिन्ही निर्णय तुम्ही तिच्यावरच उभे केले आहेत.

डोंगरातल्या शर्यतीत चढ आला की सगळेच चालतात. तेवढ्यात श्वास खाली येतो, पोटात काहीतरी जातं, पोटऱ्या आणि मांड्या वेगळ्या पद्धतीने काम करतात. उतारावर भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जातो. म्हणजे मार्गच तुमच्याकडून कामाची वाटणी करून घेतो. सपाट मार्गावर ही वाटणी कोणी करून देत नाही. तेच स्नायू, तोच कोन, तेवढंच पाऊल, हजारो वेळा. पोटऱ्या, टाचेचा स्नायुबंध, पाय उचलणारे कमरेचे स्नायू आणि तळपाय यांना दिवसभरात सुट्टी मिळत नाही. शिवाय सपाट जमीन सुरुवातीला जोरात पळू देते, कुठेही अडवत नाही. त्यामुळे अशा शर्यतींत बरेच जण पहिल्या तीसेक किलोमीटरमध्येच आपली शर्यत बिघडवतात आणि ते त्यांना कळतं साठाव्याला.

तुमच्या ५० किलोमीटरमध्ये हेच झालं. आकडे मांडून बघा. तुमचा मॅरेथॉनचा सर्वोत्तम पेस ६:१० आणि ५० किलोमीटरची सुरुवात ६:२० ने, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा किलोमीटरमागे फक्त दहा सेकंद सावकाश. पहिले ३६ किलोमीटर ३ तास ४८ मिनिटांत झाले आणि राहिलेल्या १४ ला ३ तास २२ मिनिटं लागली, किलोमीटरला सव्वाचौदा मिनिटांहून जास्त. पहिल्यापासून ७:३० ने, मध्ये मध्ये चालत गेला असतात तर ६ तास १५ मिनिटांत पोचला असतात. पंचावन्न मिनिटं आधी, आणि पोट ठीक ठेवून.

म्हणून गोळ्यांचा दोष एकट्या मिठाला देऊ नका. धावताना येणाऱ्या गोळ्यांमागे बहुतेक वेळा स्नायूचा थकवा असतो. सवयीपेक्षा जास्त वेळ किंवा जास्त जोराने काम केलं की स्नायू आकुंचन पावतो आणि सुटायचं विसरतो. तुमचे गोळे सगळ्या अंगात नव्हते, नेमके सपाट रस्त्यावर सर्वात राबणाऱ्या पोटऱ्यांत होते, हाही त्याच कारणाकडे बोट दाखवणारा पुरावा. मीठ लागतंच, पण मिठाच्या गोळ्यांनी चुकीचा पेस दुरुस्त होत नाही.

आता १०० किलोमीटरचा पेस. तुमचा ६:४५ हा मॅरेथॉनपेक्षा पस्तीस सेकंदांनीच सावकाश आहे आणि अंतर दुपटीहून जास्त. हा बेत सोडून द्या. १६ तासांची मुदत म्हणजे थांबे धरून किलोमीटरला ९:३६. तुमच्याकडे वेळ भरपूर आहे, तो नीट वापरायचा.

माझी शिफारस अशी: २५ मिनिटं धावणं आणि ५ मिनिटं झपाझप चालणं, अगदी पहिल्या अर्ध्या तासापासून. धावताना ७:१५ आणि चालताना ११ मिनिटांचा पेस धरला तर सरासरी ७:४० च्या आसपास येते. पहिले ५० किलोमीटर साधारण ६ तास २५ मिनिटांत होतील. दुसऱ्या निम्म्यात गती घसरणार हे मान्य करून ९ मिनिटं धरा, म्हणजे साडेसात तास. मदतकेंद्रांवरच्या थांब्यांसाठी एकूण पाऊण तास. बेरीज १४ तास ४० मिनिटांच्या आसपास जाते आणि तासाहून जास्त वेळ हाताशी उरतो. मधल्या टप्प्यांच्या मुदती मात्र नियमावलीत वेगळ्या बघा; त्या सरासरीने वाटलेल्या नसतात, कधी कधी सुरुवातीच्याच कडक असतात.

चालण्याची वेळ घड्याळाच्या गजराने ठरवा, पायांना विचारून नको. पाय मागतील तेव्हा उशीर झालेला असतो. दहाव्या किलोमीटरला ताजेतवाने असताना चालणं आणि आजूबाजूने सगळे पुढे जाताना बघणं अवघड जातं, हे खरं आहे. तिथे कोणाकडे बघू नका. एक सवलत घ्या: पुढच्या पाचेक मिनिटांत मऊ वाळूचा पट्टा येणार असेल तर चालण्याची पाळी तिथे घ्या. आणि चालणं म्हणजे रमतगमत जाणं नव्हे. कोपर वाकवून, लहान आणि भरभर पावलं टाकत १० ते ११ मिनिटांत किलोमीटर जाणारं चालणं हे वेगळं कौशल्य आहे. आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं फक्त तेच करा. शेवटच्या ३० किलोमीटरमध्ये असं चालता येणारे लोक रखडत धावणाऱ्यांना मागे टाकतात.

वाळू, भरती आणि मुळं

तुमच्या मार्गातला सर्वात महागडा भाग किनाऱ्याचा आहे. मऊ, कोरड्या वाळूवर धावायला टणक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोजलं गेलं आहे. पाऊल रुततं, वाळू मागे सरकते, तुम्ही दिलेला जोर तिच्यातच जिरतो आणि पोटरीला प्रत्येक पावलाला जास्तीचं ढकलावं लागतं. म्हणून किनाऱ्यावर घड्याळातला पेस बघायचाच नाही. श्वास बघा. पूर्ण वाक्य न तुटता बोलता येतं आहे ना, एवढीच कसोटी. त्या श्रमात पेस ८:३० होत असेल तर तो तुमचा त्या वेळचा बरोबर पेस.

पाण्याच्या रेषेजवळची ओली, घट्ट वाळू जवळजवळ रस्त्यासारखी चालते, पण ती मिळणार की नाही हे भरती ठरवते. शर्यतीच्या तारखेचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आजच काढा. लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात आणि रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. तुमच्या अंदाजाप्रमाणे किनाऱ्याचा पट्टा कोणत्या तासाला येतो ते काढा आणि वेळापत्रकाशी ताडून बघा. ओहोटी असेल तर घट्ट वाळूचा रुंद पट्टा मिळेल. ऐन भरती असेल, त्यातही अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची, तर वरच्या मऊ वाळूतून जावं लागेल आणि त्या पट्ट्याला अर्धा-पाऊण तास जास्त धरावा लागेल. अर्थात आयोजकांनी मार्गखुणा लावलेल्या असतात. घट्ट वाळूच्या मोहात त्या सोडून जायचं नाही.

आणखी एक गोष्ट. किनारा समुद्राकडे उतरता असतो. तासभर त्याच दिशेने गेलात तर एक पाय सतत खाली पडतो आणि कंबरेच्या किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. सर्वात कमी उताराची ओळ शोधा, नाही सापडली तर दर दहा मिनिटांनी वर-खाली सरका. वारा समोरून असेल तर एकट्याने झुंजू नका. दोघा-तिघांच्या मागे राहा आणि आळीपाळीने पुढे व्हा. किनाऱ्यावर सावली नसते आणि वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, घाम लगेच वाळतो. त्यामुळे तिथे पाणी प्यायचं हटकून राहून जातं.

जंगलात उलटा धोका आहे. जमीन मऊ आणि सावलीची, म्हणून बरं वाटतं आणि लक्ष उडतं. वाळलेल्या पानांखाली मुळं लपलेली असतात. ताजे असताना पाय पुरेसा उचलला जातो, साठ-सत्तर किलोमीटरनंतर तो थोडा कमी उचलला जातो आणि तेवढ्याने बोट अडकतं. पावलं लहान ठेवा, नजर तीन-चार मीटर पुढे. ओल्या लाकडी फळ्यांच्या पुलावर आणि वाटेवर धावू नका, चाला; तिथे पळून दोन सेकंद वाचवण्यात अर्थ नाही. सहाला सुरू केलेली शर्यत तुम्हाला रात्री साडेआठ-नऊला संपेल, म्हणजे शेवटचा भाग अंधारातला. २०० ते ३०० ल्यूमेनचा हेडलॅम्प आणि जादा बॅटरी घ्या, आणि सरावात किमान तीन वेळा अंधारात पाऊलवाटेवर धावून बघा. धुकं असेल तर कपाळावरचा उजेड डोळ्यांसमोरच पांढरा पडदा धरतो. तेव्हा दिवा काढून कंबरेजवळ हातात धरा, जमिनीचे उंचसखल भाग लगेच दिसायला लागतात.

पावलं

वाळू, ओल आणि चौदा तास हे मिश्रण फोडांसाठी अगदी पोषक. बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण पाय सुजतो. तळाचे खिळे उथळ, तीन-चार मिलिमीटरचे पुरेत. चिखलासाठीचे खोल खिळे टणक जमिनीवर तळव्याला टोचतात. बुटाची जाळी फार मोकळी असेल तर बारीक वाळू वरूनच आत येते, म्हणून घोट्याभोवतीचं कापडी आवरण, म्हणजे गेटर, लावा आणि जाळीची वीण दाट निवडा. नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

आता नेहमी चुकतं ते. बुटात खडा किंवा वाळू जाणवते, ‘पुढच्या केंद्रावर बघू’ म्हणून माणूस सहा किलोमीटर तसाच जातो आणि टाचेवर रुपयाएवढा फोड येतो. एखाद्या जागी गरम, चरचरल्यासारखं वाटलं की तिथल्या तिथे बसा. बूट-मोजा काढा, वाळू झटका, जागा पुसून पूर्ण कोरडी करा. त्यावर टेप लावा, टेपचे कोपरे आधीच गोल कापलेले असावेत, चौकोनी कोपरा मोज्याला अडकून सुटतो. मोजा सुरकुती न पडता चढवा. यात चार मिनिटं जातात. न केल्यास जाणारा वेळ याच्या कितीतरी पट. किनारा संपल्यावरच्या केंद्रावर कोरडे मोजे ठेवा आणि ते बदलाच, कितीही बरं वाटत असलं तरी. मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत आणि ब्राच्या पट्ट्याखाली सुरुवातीलाच घट्ट वंगण लावा आणि निम्म्यावर पुन्हा, कारण वाळलेलं मीठ कातडी खरवडतं.

पोट

मळमळीचं कारणही पेसमध्येच आहे. जोरात धावताना रक्त स्नायूंकडे वळतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं, जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. त्यात जेलवर, म्हणजे पाकिटातून खायच्या घट्ट साखरेच्या पाकावर, गोड पेय प्यायलं की पोटात घट्ट साखरपाणी साचतं. तुमच्या पत्रात नेमकं हेच आहे: दर पाऊण तासाला जेल आणि त्यावर स्पोर्ट्स ड्रिंक. जेल घ्याल तेव्हा साधं पाणी प्या. स्पोर्ट्स ड्रिंक वेगळ्या वेळी.

तासाला ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदकं हे तुमचं लक्ष्य असू द्या. एका जेलमध्ये बहुधा २२ ते २५ ग्रॅम असतात, सहा टक्क्यांच्या अर्धा लिटर पेयात ३०, मध्यम केळ्यात २५ च्या वर, दीडशे ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात सुमारे ३०. चौदा-पंधरा तास फक्त जेलवर काढायचे तर तीसेक जेल लागतील आणि ते कोणालाच घशाखाली उतरणार नाहीत. पहिले पाच-सहा तास घन पदार्थ जास्त ठेवा, कारण तेव्हा पोट ऐकतं. पुढे पातळ आणि खारटाकडे वळा. मीठ लावलेला बटाटा, सूप, मऊ भात असं काही. खाण्याची वेळ म्हणजे चालण्याची पाच मिनिटं. त्यामुळे ते वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही, हा चाल-धाव पद्धतीचा मोठा फायदा.

पोटालाही सराव लागतो. तासाला ३० ग्रॅमपासून सुरू करा आणि दर दोन आठवड्यांनी १० ने वाढवा, प्रत्येक लांब धावेत, शर्यतीत मिळणाऱ्याच पदार्थांवर. तरीही मळमळलं तर पंधरा-वीस मिनिटं चाला, मानेवर-मनगटावर गार पाणी घ्या, घोटघोट पाणी प्या आणि मग दोन घास खारट काहीतरी. पेस तसाच ठेवून आणखी एक जेल ढकलणं हा सर्वात वाईट उपाय.

पाण्यासाठी घाम मोजा. धावेआधी आणि तासाभराच्या धावेनंतर अंग पुसून वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. थंड, वाऱ्याच्या आणि उन्हाच्या दिवशी वेगवेगळं मोजा. शर्यतीत तहानेप्रमाणे प्या आणि घामापेक्षा जास्त पिऊ नका. सावकाश धावणाऱ्यांच्या बाबतीत कमी पाण्याइतकाच जास्त पाण्याचाही धोका असतो. रक्तातलं सोडियम १३५ मिलिमोल प्रति लिटरच्या खाली घसरत गेलं की डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपणा सुरू होऊ शकतो आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर ते जिवावर बेतू शकतं. उन्हात तासाला ३०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम ही ठीक सुरुवात आहे. एक ग्रॅम मिठात सुमारे ४०० मिलिग्रॅम असतं. पेय, सूप आणि बटाट्यावरचं मीठ हे सगळं त्यात धरा. पण मीठ खाऊन जादा पाण्याचा धोका टळत नाही.

दुखलं म्हणून आयबुप्रोफेन किंवा त्या जातीची गोळी घेऊ नका. अंगातलं पाणी कमी असताना ती मूत्रपिंडावर ताण आणते आणि सोडियम घसरण्याचा धोकाही वाढवते. कॅफिन चालतं, पण साठाव्या किलोमीटरनंतर, एका वेळी १०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही सरावात करून बघितलेलं असेल तरच.

सराव, आणि त्या सत्तर किलोमीटरचं काय

मित्रांचा सल्ला प्रेमापोटी आहे, तरी मानू नका. महिनाभर आधी ७० किलोमीटर धावलात तर त्यातून सावरायलाच तीनेक आठवडे जातील आणि शर्यतीला उभं राहायची वेळ येईल तेव्हा पायांत जुना थकवा असेल. एका मोठ्या धावेत जे मिळवायचं ते दोन लागोपाठच्या दिवसांत, कमी जोखमीत मिळतं. शनिवारी लांब, रविवारी थकल्या पायांनी मध्यम.

तुमचे चार दिवस पुरतात, पाचवा मागू नका; घर आणि नोकरी सांभाळून मिळणारी झोप त्या पाचव्या दिवसापेक्षा मोलाची आहे. पहिल्या आठ आठवड्यांत ४८ वरून ६० किलोमीटरवर या, पंधराव्यापर्यंत ७५ च्या आसपास. तोवर दर चौथ्या आठवड्यात पाव हिस्सा कमी. भर आठवडा असा दिसेल: मंगळवारी १२ सोपे, बुधवारी १३, त्यात अर्धा तास जरा जोरात, गुरुवारी चालणं आणि ताकदीचे व्यायाम, शनिवारी ३४, रविवारी १८. सोळाव्या आठवड्यात ३८ आणि २२ ची जोडी. सतराव्यात एकच सहा तासांची धाव, अंतर ४६ किलोमीटरच्या आसपास, शर्यतीच्याच बुटांत, त्याच पिशवीसह, २५-५ च्या लयीत. त्यापुढे मोठं काही नाही. शेवटचे तीन आठवडे अंतर ७०, ५० आणि ३० टक्क्यांवर.

वाळूशी ओळख सावकाश करा. पहिल्यांदा दहा मिनिटं, आठवड्यातून एकदा, बूट घालून. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत पन्नासपर्यंत. इथे घाई केली की टाचेचा स्नायुबंध दुखावतो आणि तो महिनोन्‌महिने बरा होत नाही. किनारा जवळ नसेल तर मऊ माती किंवा दाट गवत चालेल. सकाळी उठल्यावरची पहिली पावलं टाकताना टाचेत ताठरपणा वाटला तर त्या आठवड्यात वाळू बंद.

ताकदीसाठी सर्वात उपयोगी व्यायाम साधा आहे: एका पायावर उभं राहून टाच वर उचलायची आणि तीन सेकंद मोजत खाली आणायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, थोडा वाकवून १५ वेळा, प्रत्येकी तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. वाकलेल्या गुडघ्याचा प्रकार पोटरीच्या आतल्या स्नायूसाठी आहे, लांब आणि संथ धावेत तोच जास्त राबतो. तो सोडून देण्याची सवय सार्वत्रिक आहे. पायरीवर चढण्या-उतरण्याचे व्यायाम त्याला जोडा. डोंगर चढायचा सल्लाही तुम्हाला कोणी दिला आहे; पंधरा दिवसांतून एकदा करायला हरकत नाही, पण तुमच्या शर्यतीची खरी परीक्षा सपाटीवर तासन्‌तास तीच हालचाल सोसण्याची आहे. लांब धावा सपाटीवरच करा.

साठ की शंभर?

६० किलोमीटर तुम्हाला माघार का वाटते, हे एकदा स्वतःला विचारा. तुमची आजवरची सर्वात लांब धाव ५० ची आहे आणि तीही ३६ नंतर धाव राहिली नव्हती. तिथून ६० नीट, खात-पीत, शेवटपर्यंत धावत पूर्ण करणं हे मोठं पाऊल आहे. तरी शंभर तुमच्या आवाक्याबाहेर आहेत असं मला वाटत नाही. बावीस आठवडे आणि ४:२० ची मॅरेथॉन हा पाया १६ तासांच्या मुदतीला पुरेसा आहे, पेस सोडायची तयारी असेल तर.

म्हणून निर्णय आज घेऊ नका, सोळाव्या आठवड्यानंतर घ्या, आणि मनःस्थितीवर नको. तीन गोष्टी तपासा. ३८ आणि २२ च्या जोडीनंतर मंगळवारी सोपी धाव जमली का? सलग पाच तास तासाला ४५ ग्रॅम खाऊन पोट शांत राहिलं का? चाल बदलायला लावणारं दुखणं नाही ना? तिन्ही ठीक असतील तर शंभर. एक अडत असेल तर ती सतराव्या आठवड्यातल्या सहा तासांच्या धावेत पुन्हा तपासा. दोन अडत असतील तर ६०, आणि तोही याच सगळ्या तयारीने. दुखणं अडत असेल तर मात्र ते एकटंच पुरेसं आहे. सहा तासांची धाव सोडा आणि आधी फिजिओथेरपिस्टना भेटा. गट बदलायची आयोजकांची शेवटची तारीख काय आहे ते याच आठवड्यात बघून ठेवा, नाहीतर निर्णय तारखेनेच घेतलेला असेल.

घरच्यांना विरोधक समजू नका, त्यांना काम द्या. शर्यतीच्या दिवशी केंद्रावर त्यांनी ‘कसं वाटतंय?’ विचारायचं नाही, कारण सत्तराव्या किलोमीटरला त्याचं उत्तर कोणाचंच चांगलं नसतं. ‘मागच्या तासात काय खाल्लंस, किती प्यायलीस, लघवी कधी झाली, पायात कुठे चरचरतंय का?’ एवढं विचारायचं, बाटल्या भरून द्यायच्या आणि पाच मिनिटांत तुम्हाला उठवायचं. साधारण सत्तराव्यानंतरच्या केंद्रावर कोरडा टी-शर्ट, पातळ जाकीट आणि हेडलॅम्प असलेली पिशवी ठेवा. चालायला लागलं की अंगातली ऊब झपाट्याने जाते, समुद्रावरचा संध्याकाळचा वारा उरलेली घेऊन जातो.

कुठे थांबायचं हेही आधीच घरी बोलून ठरवा, कारण त्या क्षणी तुमचा निवाडा भरवशाचा नसेल. पोटऱ्या जड होणं, कंटाळा, रडू येणं, तासभर काहीच नको वाटणं, हे सगळं येतं आणि खाऊन-चालून बहुतेकदा जातं. त्यावर थांबू नका. एका जागी बोट ठेवता येईल असं हाडावरचं दुखणं, पावलागणिक वाढणारं लंगडणं, पाणीही न टिकणाऱ्या उलट्या, चहासारखी गडद लघवी, छातीत दुखणं, बोलण्यात गोंधळ, किंवा डोकेदुखीबरोबर हात सुजून अंगठ्या घट्ट होणं, यातलं एकही दिसलं तर लगेच थांबायचं आणि वैद्यकीय पथकाला सांगायचं. ही यादी कागदावर लिहून घरच्यांच्या खिशात द्या. यातलं काही दिसलं तर निर्णय त्यांचा राहील आणि तुम्ही तिथे वाद घालणार नाही, हे शर्यतीच्या आधीच कबूल करा.